वेंगुर्ल्याची वखार, डेल्फ्टचे भिंग आणि पेशीतील पाहुणा

कुडाळहून नेरूरपार आणि काळसे या मार्गाने मालवणकडे जाताना धामापूर लागते, आणि तेथे दोन डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून अडविलेला जो विस्तीर्ण तलाव वाटसरूच्या दृष्टीस पडतो, तो विजयनगरच्या राजसत्तेचा मांडलिक नागेश देसाई याने इ. स. १५३० मध्ये ग्रामस्थांच्या श्रमांतून सिद्ध केला, असे परंपरा सांगते. काठावर श्रीभगवतीचे देवालय आहे, बांधाखाली माड-पोफळीच्या बागा आणि भातशेती आहे. आणि जवळजवळ पाच शतके आपले काम अखंड बजावणाऱ्या या तलावाची २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा म्हणून नोंद केली, ती सर्वथा यथायोग्य होय.

पावसाळा ओसरून पाणी निवळले, की अशा तलावांच्या कडेच्या उथळ पाण्यात हिरवे, तंतुमय, बोटांतून निसटणारे शेवाळ तरंगू लागते. त्यातील स्पायरोगायरा नावाच्या जातीचा एक तंतू काचपट्टीवर घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एकापुढे एक लावलेल्या लांबट कोठड्यांची रांग दिसते. प्रत्येक कोठडीत भिंतीलगत एक हिरवी फीत मळसूत्री वळणे घेत गेलेली असते. त्या फितीवर ठरावीक अंतराने चकाकणारे बिंदू असतात. आणि कोठडीच्या ऐन मध्यभागी, बारीक धाग्यांनी चहूकडून ताणून धरलेला, किंचित राखी रंगाचा एक मणी अधांतरी दिसतो. कोठडी ही पेशी, हिरवी फीत हे तिचे हरितलवक, मधला मणी हे केंद्रक, आणि उरलेली स्वच्छ पोकळी ही पाण्याने भरलेली रिक्तिका. ज्या पेशीत आनुवंशिक द्रव्य असे पटलाआड केंद्रकात राखलेले असते, तिला शास्त्रात दृश्यकेंद्रकी म्हणतात. जीवाणूंच्या पेशीत असे केंद्रक नसते, म्हणून ती आदिकेंद्रकी. शेवाळ, बुरशी, माड, बांगडा आणि मनुष्य ही सारी एका बाजूची मंडळी, आणि जीवाणू दुसऱ्या बाजूचे. सजीव सृष्टीत याहून खोल दरी क्वचितच असेल. ही दरी माणसाच्या ध्यानात कशी आली, आणि पुराणकाळी ती ओलांडून एका बाजूचा जीव दुसऱ्या बाजूच्या घरात कायमचा वस्तीस कसा आला, हे उमगण्यास सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या इतिहासाचे काही धागे आपल्याच किनाऱ्याला येऊन मिळतात, आणि तेवढ्याचसाठी तो मराठीत पुन्हा एकदा सांगण्याजोगा आहे असे मला मनापासून वाटते.

१६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्याच नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीने रॉबर्ट हुक या आपल्या प्रयोगाधिकाऱ्याच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथास छपाईचा परवाना दिला, आणि पुढील वर्षी तो प्रसिद्ध झाला. बुचाच्या झाडाच्या सालीचा पातळ काप भिंगाखाली पाहताना हुकला त्यात असंख्य रिकामे खण दिसले. एका घन इंचात ते सव्वाशे कोटींहून अधिक भरतील असा त्याने हिशेब मांडला, आणि पेशीस इंग्रजीत आज जे नाव आहे ते त्याने त्या खणांना दिले. परंतु हुकने पाहिले ते मेलेल्या सालीचे सांगाडे होते. त्यांतला रहिवासी केव्हाच निघून गेलेला होता. जिवंत पेशी पाहण्याचा मान दुसऱ्याच एका गृहस्थाकडे जावयाचा होता, आणि त्या गृहस्थाचे गाव व आपले वेंगुर्ले यांच्यामध्ये त्या काळी सरळ गलबतांची वाट होती.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली विजापूर दरबाराच्या अनुमतीने वेंगुर्ल्यास आपली वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणे आणि आदिलशाही मुलखाशी व्यापार करणे, असे दुहेरी काम त्या वखारीकडे होते. तिच्या भिंती वेंगुर्ल्यात अजून उभ्या आहेत. या कंपनीचा कारभार हॉलंडातील सहा नगरांच्या सहा शाखा मिळून पाहत, आणि त्यांपैकी एक शाखा डेल्फ्ट येथे होती. त्या डेल्फ्टमध्ये १६३२ साली जन्मलेला अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हा कापडाचा दुकानदार होता. नगरसभेच्या कचेरीत त्याला एक लहानशी नेमणूकही होती. लॅटिन त्यास येत नव्हते, विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. तथापि वाटाण्याहून लहान भिंगे स्वतः घासून, पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये बसवून, ती डोळ्याशी धरून उजेडाकडे पाहण्याची जी विद्या त्याने साधली, तिच्या बळावर तो अडीचशे पटींच्या घरात वस्तू मोठी करून पाहू शकत असे. आणि त्याच्या समकालीनांपैकी कोणाचीही नजर इतकी खोल गेली नाही. हातच्या कसबावर आणि चिकाटीवर विद्वानांच्या सभेत अशी जागा मिळविणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

१६७४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा झाला त्याच वर्षी, लेव्हेनहूक गावापासून दोन तासांच्या अंतरावरील बेर्केल नावाच्या एका तळ्यावर गेला होता. त्या तळ्याचे पाणी हिवाळ्यात नितळ असे, आणि उन्हाळा लागला की त्यात पांढुरके-हिरवे ढग तरंगू लागत. आजूबाजूचे शेतकरी त्याचे कारण दंव असे सांगत. लेव्हेनहूकने ते पाणी एका बाटलीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरले. ७ सप्टेंबरच्या पत्रात त्याने रॉयल सोसायटीस जे कळविले, त्यात सर्पाकार वळणांनी व्यवस्थित मांडलेल्या हिरव्या पट्ट्यांचे वर्णन आहे. धामापूरच्या काठावरील शेवाळाचे जे रूप वर सांगितले, तेच ते. त्या हिरव्या तंतूंमध्ये इकडून तिकडे धावणारे, कोणी गोल, कोणी लांबट असे सूक्ष्म जीवही त्याने पाहिले. हे सर्व दृश्यकेंद्रकी पेशींचे जग होते. मनुष्याने ते जिवंत स्थितीत पाहून लिहून ठेवल्याचा हा पहिलाच दाखला.

दुसऱ्या जगाचा दरवाजा उघडला तो मिऱ्यांमुळे. मिरी जिभेला झोंबते ती का, याचा शोध घ्यावा असे लेव्हेनहूकच्या मनाने घेतले. मिऱ्याच्या कणांना बारीक काटे असावेत असा त्याचा तर्क होता. कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आणि पूर्वेकडील बेटांवरचे मिरे हॉलंडात येत असे, आणि पोफळीवर चढविलेल्या वेलींवरून आजही धामापूर-काळशाच्या बागाईतदारांच्या हाती जे पडते तेच हे मिरे. लेव्हेनहूकने ते वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजत घातले, तीन आठवडे ठेवले, आणि १६७६ च्या एप्रिलात त्या पाण्याचा थेंब पाहिला, तेव्हा काट्यांचा पत्ता नव्हता; मात्र पूर्वी पाहिलेल्या जीवांच्या मानाने अतिशय क्षुद्र, अगणित असे जीव त्या थेंबात खच्चून भरलेले होते. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे कळविले. सोसायटीतील सभासदांना प्रथम विश्वास बसेना. तेव्हा पुढील वर्षी खुद्द हुकने मिऱ्याचे पाणी तयार करून ते जीव सभेसमोर दाखविले, आणि डेल्फ्टच्या दुकानदाराचा शब्द खरा ठरला. त्या क्षुद्र जीवांत जीवाणू होते. अशा प्रकारे दोन-सव्वादोन वर्षांच्या अवधीत एकाच माणसाने एकाच जातीच्या भिंगातून सृष्टीचे दोन्ही भाग पाहिले. परंतु त्यांच्यामध्ये दरी आहे, हे समजावयास त्याला, आणि त्याच्यामागून येणाऱ्या कित्येक पिढ्यांना, साधनच नव्हते.

याच काळात, १६७५ साली, कोचीनच्या डच सुभेदाराने मलबारच्या वनस्पतींवर जो महाग्रंथ सिद्ध करविला, त्याच्या कामी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी आपले ज्ञान दिले आणि नागरी लिपीत तशी साक्ष लिहून दिली. ती ग्रंथात कोरून छापलेली आहे. आमच्या किनाऱ्यावरची माणसे त्या व्यवहारात होती; भिंग मात्र कोणी त्यांच्या हाती दिले नाही, याची हळहळ वाटते.

पुढचे दीडशे वर्षांचे अंतर झपाट्याने तोडता येण्याजोगे आहे, कारण भिंगे सुधारेपर्यंत ज्ञानाची मजल फारशी पुढे गेली नाही. १८३१ साली रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने आमच्या रानातल्या सीतेच्या वेणीच्या कुळातील फुलांच्या सालींचे निरीक्षण करताना पेशीपेशीत एक वर्तुळाकार डाग पाहिला, आणि केंद्रकाची शास्त्रात प्रतिष्ठापना झाली. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी आणि पुढील वर्षी थिओडोर श्वानने प्राण्यांविषयी असा सिद्धांत मांडला, की सर्व देह पेशींचेच घडलेले असतात. श्वानने चेतातंतूंभोवती लपेटलेल्या ज्या पेशी वर्णिल्या त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात, आणि या कथेत त्या आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. पेशी पेशीपासूनच जन्मते हे फिरखोने १८५५ मध्ये ठासून सांगितले. वाल्टर फ्लेमिंगने सॅलामँडर या उभयचर प्राण्याच्या पिलांत केंद्रकातील सूत्रे उभी चिरली जाऊन दोन्ही कन्यापेशींत समान वाटली जातात हे टिपले आणि १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १८९८ हे वर्ष विशेष फलदायी ठरले. त्या वर्षी गॉल्जीने चांदीच्या क्षाराने रंगविलेल्या चेतापेशीत, आज ज्यास त्याचे नाव आहे ते पटलांचे संकुल दाखविले, आणि बेन्डाने पेशीद्रव्यात विखुरलेल्या धाग्यासारख्या कणांना नाव दिले. मराठीत आपण त्यांना तंतुकणिका म्हणतो.

श्लायडेन-श्वानच्या पेशीसिद्धांताची कसोटी पाहणारी एक वनस्पती मालवणच्या खडकांवर आहे. भरपूर ओहोटीच्या वेळी खडकांच्या खबदाडांत, हिरव्या पिसांच्या किंवा घोसांच्या रूपाने, कॉलर्पा नावाचे सागरी शैवाल दिसते. त्याला जमिनीलगत सरपटणारा दांडा, खाली मुळांसारखे तंतू आणि वर पानांसारखे फाटे असतात, आणि पाहणाऱ्यास ते एखाद्या लहानशा झुडपासारखे वाटते. परंतु ते तोडून आत पाहावे तर कोठेही आडवी भिंत नाही. विती-दोन वितींचे ते सारे शरीर एकच पेशी आहे. तीत हजारो केंद्रके एकाच पेशीद्रव्यात वाहत असतात, आतून आधारासाठी बारीक धिरे घातलेले असतात, आणि जखम झाली तर आतील द्रव्य साकळून ती तत्काळ बुजविते. एक केंद्रक, एक पेशी हा पाठ्यपुस्तकातील हिशेब निसर्गावर बंधनकारक नाही, हे शिकण्यास मालवणच्या विद्यार्थ्यास किनाऱ्यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

याच मालवणात १८ नोव्हेंबर १८८४ रोजी शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत असताना सह्याद्रीच्या भ्रमंतीत त्यांना साताऱ्याकडच्या, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांत गोड्या पाण्यातील एक जेलीफिश आढळला; तोपर्यंत हा वंश आफ्रिकेतच असतो अशी समजूत होती, आणि १९११ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अ‍ॅनंडेल यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक झाले, जर्मनीत गेले, पहिल्या महायुद्धात तेथेच अडकून नजरकैद भोगली, आणि तरीही १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले. निवृत्तीनंतर १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन करून १९६० पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, त्यांनी ती वाढविली. जेलीफिशच्या दंशपेशीत गुंडाळी केलेला जो विषारी दोर एका कुपीत दाबून ठेवलेला असतो, ती कुपी घडते ती गॉल्जीच्याच संकुलात. एका पेशीच्या अंतरंगात किती सूक्ष्म कारागिरी चालू शकते याचे याहून विस्मयकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

आता मुंबईस परळला जावयाचे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याचे चाकरमानी ज्या लालबाग-परळच्या चाळींतून राहून गिरण्यांत राबत होते, त्याच वस्तीला लागून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ मध्ये जन्मलेले आणि लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे एम. डी. होऊन आलेले खानोलकर हे आपल्या देशातील त्या शास्त्राचे अग्रणी होत. १९४४ मध्ये त्यांनी मुखाच्या कर्करोगाच्या मुंबईतील एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि तंबाखूची चिमूट किंवा विडा ज्या गालात धरून ठेवण्याची सवय, त्याच जागी रोग उद्भवतो, याकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले.

या केंद्रात पेशींना देहाबाहेर, काचेच्या पात्रात, जगविण्याची विद्या ज्यांनी रुजविली त्या डॉ. कमल रणदिवे. पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहून त्या एम. एस्सी. झाल्या, आणि विवाहानंतर मुंबईस येऊन खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धन शिकून घेतले. हीच ती प्रयोगशाळा, जिच्यात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून काढलेल्या पेशी, मानवी पेशींत प्रथमच, अखंड वाढत राहिल्या. ती स्त्री त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या पेशी जगभर वाटल्या गेल्या, आणि तिची संमती कोणी विचारली नव्हती. विज्ञानाच्या इतिहासाने हे ऋण आणि हा अन्याय दोन्ही एकत्र नोंदविले पाहिजेत.

त्या काळचे ऊतिसंवर्धन म्हणजे अहोरात्र पहारा होता. पेशींना खाद्य म्हणून कोंबडीच्या रक्तातील द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, माणसाच्या नाळेतील रक्तद्रव असे पदार्थ जमवावे लागत. नळ्या तासागणिक संथ फिरत्या ठेवाव्या लागत, म्हणजे पेशींवरून रस व हवा आळीपाळीने जाई. काच इतकी निर्मळ लागे, की साबणाचा अंश राहिला तरी पेशी मरत. आणि बुरशीचा एखादा बीजाणू आत शिरला, तर महिन्यांचे काम दोन दिवसांत नासे. मुंबईच्या दमट हवेत हे सांभाळणे किती कठीण, हे कोणी सांगावयास नको. रणदिवे यांनी परळला देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, उंदरांच्या स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला, आणि १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह हॅमस्टर या प्राण्यावर सुपारी व तंबाखूचे प्रयोग करून खानोलकरांच्या जुन्या निष्कर्षास प्रयोगशाळेचा आधार दिला. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यातही त्या अग्रभागी होत्या.

परंतु प्रस्तुत इतिहासाच्या दृष्टीने परळचे सर्वांत महत्त्वाचे काम कुष्ठरोगाचे. या रोगाचा जीवाणू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने ओळखला, तरी तो कोणत्याही कृत्रिम अन्नावर आजतागायत वाढलेला नाही. त्याला राहण्यास जिवंत पेशीच लागते, आणि त्याचे आवडते घर म्हणजे चेतातंतूंभोवतालच्या श्वानच्या पेशी. खानोलकरांनी रोग्यांच्या त्वचेतील आणि चेतातंतूंतील या जीवाणूंचा सूक्ष्मदर्शकाने चिकाटीने माग काढला. १९५८ च्या सुमारास बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रोग्याच्या ऊतीपासून, संवर्धित चेतापेशींच्या आधाराने, एक जीवाणू वाढविला. पुढील तपासात तो कुष्ठरोगाचा नसून त्याच वंशाच्या दुसऱ्या गटातील ठरला, तरी त्याच्यापासून परळला तयार झालेली कुष्ठरोगाची लस चाचण्यांपर्यंत पोहोचली. २००१ मध्ये खऱ्या कुष्ठजीवाणूचा जनुकसंच संपूर्ण वाचला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक भाग निकामी झालेला आढळला. परक्या पेशीत सर्व काही आयते मिळू लागल्यावर या पाहुण्याने स्वतःची हत्यारे एकेक करून टाकून दिली होती.

दृश्यकेंद्रकी पेशीत असाच एक फार जुना पाहुणा आहे, ही कल्पना याच्या कितीतरी आधी मांडली गेली होती. १८९० मध्ये आल्टमानने पेशीद्रव्यातील कण स्वतंत्र जीव असल्याचे म्हटले. १९०५ मध्ये रशियन मेरेझकोव्हस्कीने हरितलवके मूळची बाहेरून आलेली असल्याचे प्रतिपादिले. दोघांचीही उपेक्षा झाली. १९२५ मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातों याने केंद्रक असलेल्या आणि नसलेल्या जीवांची दोन नावांनी विभागणी केली, ती शास्त्राने खऱ्या अर्थाने स्वीकारली १९६० नंतर. मधल्या काळात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९४५ मध्ये पोर्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याखाली पहिली संपूर्ण पेशी पाहिली, ती काचपात्रात वाढविलेली कोंबडीच्या गर्भाची होती. हळूहळू अंतर्द्रव्यजालिकेची पटले, त्यांवर प्रथिने घडविणारे पॅलाडेचे रायबोझोम, आणि ड द्यूव्हने शोधलेल्या, जीर्ण द्रव्य पचविणाऱ्या लयकारिका दृष्टिपथात आल्या.

तंतुकणिकांचे अंतरंगही उलगडले. त्यांस दोन पटले असतात, आतले घड्या पडलेले. अन्नाचे मंद ज्वलन करताना तंतुकणिका हायड्रोजनचे आयन आतल्या पटलाबाहेर ढकलून साठविते, आणि त्यांना परत येण्यास एकच अरुंद मार्ग ठेवते, असे पीटर मिचेलने १९६१ मध्ये मांडले. बहुतेकांनी त्यास वेड्यात काढले, आणि १९७८ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. धामापूरचा बांध पाहिलेल्यास ही योजना समजावून सांगावी लागणार नाही: पाणी उंचीवर अडवावयाचे, आणि मोरीतून सोडताना त्याच्या ओढीवर काम करून घ्यावयाचे. पटलातील त्या मोरीपाशी एक प्रथिन अक्षरशः फिरते, आणि त्याच्या फेऱ्यांवर पेशीचे ऊर्जाद्रव्य तयार होते. लेव्हेनहूकच्या मिऱ्याच्या पाण्यातील जीवाणूही आपल्या पेशीपटलाशी हीच युक्ती करतात.

हे साम्य आकस्मिक नव्हते. १९६२ मध्ये हरितलवकात आणि १९६३ मध्ये तंतुकणिकेत स्वतःचे डीएनए सापडले; त्यांचे रायबोझोम जीवाणूंच्या वळणाचे निघाले. लिन मार्गुलिस या तरुण अमेरिकन विदुषीने हे सारे पुरावे एकत्र करून असे म्हटले, की दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी एका पेशीने प्राणवायू वापरणारा जीवाणू गिळला, तो पचला नाही, आणि तीच तंतुकणिका; पुढे प्रकाशावर अन्न करणारा नील-हरित जीवाणू आत आला, ते हरितलवक. पंधराएक नियतकालिकांनी तिचा निबंध परत पाठविला. अखेर १९६७ मध्ये तो छापून आला. तिची चिकाटी नसती, तर ही उपेक्षा आणखी किती वर्षे चालली असती, कोण जाणे. १९८१ मध्ये मानवी तंतुकणिकेचे डीएनए अक्षरशः वाचून काढण्यात आले: १६,५६९ अक्षरे आणि अवघी ३७ जनुके. बाकीचा बहुतेक वारसा त्या पाहुण्याने यजमानाच्या केंद्रकाच्या दप्तरी जमा केलेला आहे किंवा टाकून दिलेला आहे. कुष्ठजीवाणूच्या संचात अर्धवट दिसते तीच क्रिया येथे शेवटास गेलेली दिसते. उरलेली ही ३७ जनुके प्रत्येकास केवळ आईकडून मिळतात.

पाहुणा ओळखला गेला. यजमान कोण होता हा प्रश्न मागे राहिला. २०१५ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाच्या चिखलात आर्किया या, जीवाणूंप्रमाणेच केंद्रक नसलेल्या, गटातील अशा जीवांच्या खुणा सापडल्या, ज्यांच्या जनुकांत दृश्यकेंद्रकी पेशींची वैशिष्ट्ये होती; पण तो जीव कोणी पाहिला नव्हता. जपानच्या इमाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अडीच हजार मीटर खोलीवरून आणलेला चिखल प्रथम दोन हजार दिवसांहून अधिक काळ एका यंत्रात मिथेनवर पोसला, मग काचनळ्यांतून वर्षानुवर्षे निवडत नेला, आणि २०२० च्या जानेवारीत तो जीव वाढविल्याचे प्रसिद्ध केले. दुप्पट होण्यास त्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि एकटा तो जगत नाही. शेजारी दुसरा सूक्ष्म जीव लागतोच. त्याच्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाही; परंतु तिच्या अंगातून लांबलचक, शाखा फुटलेले फाटे बाहेर येतात, आणि अशाच फाट्यांच्या मिठीत सापडून शेजारचा जीवाणू हळूहळू आत ओढला गेला असावा, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे.